दुसरी हाक

नविन सरांनी फळ्यावर नवं क्रियापद लिहिलं, दक्षाला उभं केलं, आणि तिची टेबलावर आपटायची मूठ हवेतच राहिली. झालं एवढंच. बाकीच्या सहाजणींना वाटलं, विसरली बिचारी, ड्युटी करून तशीच आलीय. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला, चादरी-टॉवेलच्या दुकानावरच्या खोलीत हा क्लास चालतो. सात नर्सा, सातही इटलीला निघालेल्या. तिकडं म्हातारी माणसं उदंड आणि त्यांना उठवा-बसवायला हात कमी, म्हणून इकडच्या पोरींना मागणी. फक्त भाषा आली पाहिजे. मंगळवारी मुंबईत तोंडी परीक्षा. सर स्वतः घोलवडचे, घरची चिकूची रोपवाटिका. बारा वर्षं इटलीत गाईंच्या गोठ्यात काढून परत आलेले, आणि शिकवायची रीतही गोठ्यातलीच म्हणायची, हाताची. शब्दाचे तुकडे पाडायचे. ज्या तुकड्यावर जोर तिथं टेबलावर मूठ, बाकीच्या तुकड्यांना नुसतं बोट. "आपल्या मराठीत, गुजरातीत जोर कुठे पण टाका, चालून जातं," सर म्हणायचे. "तिकडं नाय चालत. मूठ चुकली की समोरचा म्हातारा तोंडाकडे बघत बसेल." आणि क्रियापद म्हणाल तर चिकूच्या कलमासारखं. खाली रायणीच्या झाडाचा खुंट, वर बांधलेलं कलम. खुंट तोच राहतो, कलम बदललं की माणूस बदलतो: मी, तू, तो. मी-तू-तोच्या वेळी मूठ खुंटावर पडते. आम्ही-तुम्ही आले की सरकून कलमावर जाते. आणि 'ते' आले की परत खुंटावर, मग उरलेलं शेपूट बोटाबोटानं घरंगळू द्यायचं. हे दक्षाला झोपेत विचारलं तरी आलं असतं.

"क्यामारे," सर म्हणाले. "म्हणजे हाक मारणं. चल दक्षाबेन." क्या-मो, मूठ-बोट. क्या-मी. क्या-मा. मग क्या-म्या-मो, बोट-मूठ-बोट. क्या-मा-ते, तसंच. तोंड आपलं चाललं होतं आणि डोकं मागेच अडकलं होतं, 'हाक मारणं'पाशी. पहिल्याच दिवशी सगळ्याजणी 'मी क्यामो' म्हणायला शिकल्या होत्या, मी क्यामो दक्षा, माझं नाव दक्षा. पोपटासारखं रोज म्हणत होती. त्या शब्दाच्या पोटात हाक आहे हे दहा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. खाणं झालं, धुणं झालं, कुशीवर वळवणं झालं, कुठं दुखतंय झालं. हाक आज आली. शेवटचं 'ते'चं रूप, क्या-मा-नो, राहिलं होतं. मूठ उचलली आणि ती खाली येईना. हातावर झोपल्यावर हात जसा परका होतो, तसा. "खुंटावर टाक ने मूठ!" सर म्हणाले. मग त्यांनाच दया आली असावी; बस म्हणाले आणि फळ्याच्या कोपऱ्यात अजून एक शब्द लिहिला. "हे परीक्षेला नाय, मजा म्हणून सांगतो. अक्षरं तीच, क्या-मो. पण मूठ शेवटी मारा, की 'मी हाक मारते'चं झालं 'त्यानं हाक मारली'. केव्हातरी, एकदा, संपलं." सहाजणींनी वहीत उतरवून घेतलं. दक्षाने वही मिटली, पर्स घेतली, जाते म्हणाली. शनिवार होता, शनिवारी ती घरी जाते हे सरांना माहीत होतं. "बापाची तब्येत विचारली म्हणून सांग," ते म्हणाले.

जिन्यावरून उतरताना तिने उजव्या हाताला डाव्या हाताने चिमटा काढून बघितला. कळत होतं, चिमटा आहे. दुखत नव्हतं म्हणण्यापेक्षा, दुखतंय ते दुसऱ्या कुणाला तरी, असं. होळीपासून हे असंच चाललं होतं. ती जेवायची, डबा धुवायची, पेशंटची सलाईन बदलायची, मैत्रिणी हसल्या की हसायची, आणि हे सगळं करणारी पोरगी पलीकडच्या खाटेवर आहे नि आपण तिच्या उशाशी नुसत्या बसलोय, असं वाटायचं. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. जनरल वॉर्डात कुणी "सिस्टर" म्हटलं की मात्र ती उठलेली असायची. शब्द पुरा व्हायच्या आत. "दक्षा सिस्टरला हाक मारावी लागत नाही," असं एका पेशंटच्या बायकोने मोठ्या मॅडमना सांगितलं होतं आणि मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. तेव्हासुद्धा पाठ तिची नव्हती. मडकं वाजवून बघावं तशी वाजली फक्त.

तलासरीच्या जीपमध्ये मधल्या सीटवर चौघींत पाचवी होऊन ती बसली. बाहेर कापलेली भातं उन्हात आडवी पडली होती. पर्समध्ये मोबाईल, मोबाईलमध्ये ती क्लिप. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. आठ महिन्यांत एकदाही लावली नव्हती आणि पुसलीही नव्हती. सरांना पाठवलेला अभ्यास होता तो. सरांनी त्याखाली शाबासकीचा अंगठा टाकला होता. वेळ पण होती तिथं, सहा वाजून बावन्न मिनिटं.

आता हाकेचं एक सांगायला पाहिजे, नाहीतर उगाच पोरीला वेडी म्हणाल. उधव्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला दक्षाचा पाडा. तिथं कुणी कुणाला एकदा हाक मारत नाही. "दक्षे, ए दक्षे." "सुदाम, सुदाम रे." दोनदा. आणि ऐकणाराही पहिल्या हाकेला गप्प राहतो, दुसरीला ओ देतो. माणूस दोनदा हाक मारतो. ते जे दुसरं असतं ते एकदाच मारतं, आणि तुम्ही ओ दिली की तुम्हाला घेऊन जातं. दक्षाचा बाप बाबल्या, त्याचा धाकटा भाऊ होता जिव्या. तिन्हीसांजेला ओढ्याकडून कुणीतरी "जिव्या" म्हणालं, हा "ओ" म्हणाला, उठला नि गेला. तिसऱ्या दिवशी डोहात सापडला. तेव्हा बाबल्या दहा-अकरा वर्षांचा, त्याच्या शेजारीच बसला होता. "मीनी बी आयकली व्हती ती हाक," तो सांगायचा. "मी गप राह्यलो, म्हणून हाय." मग पोरांना जवळ ओढून बजावायचा, "एका हाकेला ओ देव नको. कोणीबी असो. मी जरी असलो तरी." दक्षाने नर्सिंग केलं, डहाणूत राहिली, भूतबित मानत नव्हती. पण ही मानायची गोष्टच नव्हती. उंबऱ्याबाहेर चपला काढतो ते काय मानतो म्हणून काढतो? पाड्याची चढण चढली की कान आपोआप दोनाचे होतात.

होळीला रजा घेऊन आली होती. पाड्यात रेंज एकाच जागी, मोहाच्या झाडाखालच्या दगडावर. तिथं बसून ती सरांचा अभ्यास रेकॉर्ड करत होती. क्रियापद होतं फोन करण्याचं. सर त्याला वस्ताद म्हणायचे, कारण त्याच्या 'ते'च्या रूपात मूठ इतकी आधी पडते की मागे तीन बोटं लोंबकळतात: ते-ले-फो-ना-नो. ते बोट, ले मूठ, मग फो, ना, नो. दगडावर मूठ मारली, फो म्हणाली, ना म्हणाली, नो म्हणाली, आणि घरातून हाक आली. "दक्षे." बाचा आवाज, पण जाड, तोंडात काही धरून बोलल्यासारखा. ती थांबली. दुसरीची वाट बघितली. मोहाची फुलं खाली पडत होती, टप, टप. दुसरी हाक आलीच नाही. मग तिने खाली बघितलं, रेकॉर्डिंग चालूच होतं, आणि पुढचं क्रियापद सुरू केलं. नंतर वीस मिनिटांनी आई दिवा लावायला आत गेली नि किंचाळली. बा खाटेजवळ उताणा, तोंड एका अंगाला गेलेलं. ज्या पोरीच्या वॉर्डाच्या भिंतीवर पोस्टर आहे, तोंड वाकडं, बोलणं जड, लगेच दवाखान्यात आणा, त्या पोरीने बापाचं जड बोलणं ऐकलं होतं आणि भुताचं म्हणून सोडून दिलं होतं.

पुढचं तिने सगळं बरोबर केलं. भाऊ सुदाम अच्छाडच्या नाक्याजवळ धाब्यावर असतो, त्याला फोन लावून टेम्पो आणवला, बाला कुशीवर घेतलं, तोंडात पाणी घालू दिलं नाही, वाटेत दोनदा नाडी मोजली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. रस्ता, गाडी, डोक्याचा फोटो काढायचं मशीन, सगळं गाठेपर्यंत पावणेपाच तास झाले. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी असता तर बघितलं असतं. पंधरा. आणि ती दगडावर बसली होती वीस. आठ महिने हे दोन आकडे ती एकमेकांतून वजा करत होती आणि दर वेळी पाचच उरत होते. पाड्यात मात्र बायका तिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "दक्षी व्हती म्हणून बाबल्या वाचला." सुदामने धाब्यावर सगळ्यांना पेढे वाटले. ऐकलेल्या हाकेचं ती कुणाजवळ बोलली नाही. पहिल्या दिवशी बोलली नाही, मग दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवशी न बोलल्याचं ओझं होतं, आणि असं करत करत आठ महिने गेले. मंगळवारी परीक्षेला जायचं नाही हे तिने जीपमध्ये ठरवलं. खरं तर क्लासातच ठरलं होतं, मूठ वर राहिली तेव्हा. सख्ख्या बापाला जिने ओ दिली नाही, ती परक्या मुलखातल्या म्हाताऱ्यांना काय ओ देणार? हे तिला पटलं, आणि पटल्यावर जरा गारही वाटलं.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. बा ओसरीच्या आतल्या खाटेवर, उजवं अंग गळालेलं, डावं शाबूत. बोलणं आत होतं, बाहेर येत नव्हतं; समजत सगळं होतं. डहाणूच्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलेला व्यायाम ती दर शनिवारी घ्यायची. गंमत बघा, तोही सरांच्याच जातीचा: शब्दाचे तुकडे पाडायचे, डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर एकेक तुकडा वाजवायचा, जोराच्या तुकड्याला मूठ. पा-णी. भा-कर. बाची मूठ पडायची नि पहिला तुकडा निघायचा, मागचा राहून जायचा. "पा." "भा." मूठ बरोबर, बोट गायब. आईचं नाव भिकी, त्याचं तो म्हणायचा "भि", मग थांबायचा, घाम यायचा, मान ताठ व्हायची, आणि पुन्हा "भि." दक्षाचं तसंच. "दक्." मोठा श्वास. "दक्." मॅडम म्हणाल्या होत्या, असं होतं, एकदा निघालेला तुकडा मेंदू परत काढतो, तबकडी अडकते तसं, कमी होईल. दक्षाने वहीत तारखेसहित लिहून ठेवलं होतं: नाव घेताना तुकडा दोनदा येतो. कमी झालं नव्हतं. आजही तिने व्यायाम घेतला. पाणी, भाकर, ऊन. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, तिची मूठ टेकतेय की नाही ते बघत होता, आणि तिची मूठ टेकत नव्हती. ती नुसतं बोट लावत होती. त्याने डाव्या हाताने तिचा हात धरला, बोटं दुमडली, मूठ केली आणि लाकडावर ठेवली. तिला ते जाणवलं. दूर कुणाला तरी जाणवावं तेवढं.

तिन्हीसांजेला आई अंगणात सूप घेऊन वाल सोलत बसली. दक्षा बाजूला बसली. आई म्हणाली, "मंगळवारी हाय ना तुझी परीक्षा? सुदाम टेसनावर सोडील."

"मी नाय जात, आये."

"का? पैसं भरलं ना?"

"नाय जात."

आईने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "बाच्या पायी राहतीस तं राहू नको. मी हाय. म्हातारी झाली तरी हाडा चांगली हाईत मपली."

दक्षाला खूप सांगायचं होतं आणि शब्द एकही नव्हता. तीन वर्षं नर्सिंग, दहा महिने इटालियन, घरात बोलायची बोली वेगळी, शाळेत लिहायची वेगळी, इतक्या भाषा येऊन वेळेला एक कामाची नाही. तिने पर्समधून मोबाईल काढला, क्लिप लावली आणि आईच्या कानाशी धरली. अंगणभर तिचाच आवाज पसरला, होळीच्या आधीचा, हसरा, शहाण्या पोरीचा. दगडावर पडणारी मूठ, टक, टक. ते-ले-फो-ना-नो. मग "दक्षे." मग काहीच नाही. मोहाची फुलं. ती शांतता क्लिपमध्ये नऊ सेकंदांची होती. तिला वाटायचं केवढी तरी असेल. मग तोच हसरा आवाज, पुढचं क्रियापद.

आई ऐकत राहिली. क्लिप संपली तरी मोबाईलकडे कान तसाच. मग शेंगेची साल काढत, वर न बघता म्हणाली, "मीनी बी आयकली व्हती."

दक्षाला वाटलं, आई आत्ताच्या क्लिपबद्दल बोलतेय.

"तवा. मी पाठल्या दारी लाकडा रचत व्हती. दक्षे, असा आला. मना वाटला, तुझा नाव हाय, तू देशील ओ. तू दिली नाय. तवा मना वाटला, दक्षीला बी समजला, ह्या माणसाचा नाय. शिकलेली पोरगी गप बसली तं मी कशाला देव?" ती थांबली. "मंग दुसरी आलीच नाय. मी लाकडा रचली. सगळी रचली."

"तू कवा बोलली नाय, आये."

"तू तरी कवा बोललीस?"

दक्षाच्या मनात आलं, आई पाठल्या दारी होती, दहा पावलांवर. आपल्या गप्प राहण्याने ती गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्याने आपण. मध्ये घर, घरात बा. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. पण आठ महिन्यांत पहिल्यांदा ती खाटेच्या उशाशी नव्हती, खाटेवर होती. अंगाखालची जमीन ऊनऊन लागत होती. आईचा खरखरीत हात सालींच्या ढिगावर होता, तो तिने धरला नाही. आपला हात फक्त शेजारी ठेवला.

आतून हाक आली. "दक्."

आईचा सुपातला हात थांबला. दक्षाही थांबली. एवढं होऊन, आता दोन मिनिटांपूर्वी एवढं बोलून, दोघींचे कान उभे राहिले आणि दोघी गप्प बसल्या, वाट बघत. सवय कुठं मरते? आत खाट कुरकुरली. बाचा श्वास ऐकू येत होता, लांब, खरवडत आत जाणारा, चढणीला ओझं घेणाऱ्या माणसासारखा. दक्षा तो श्वास ओळखत होती. दर शनिवारी ऐकत होती, वहीत लिहीत होती. आणि त्या श्वासाच्या मध्यावरच तिला दिसलं. पाणी मागताना तो "पा" एकदाच म्हणतो. भाकरीला "भा" एकदाच. तबकडी अडकलेली असती तर सगळ्यालाच अडकली असती. नावं तेवढी दोनदा. भिकी दोनदा, दक्षी दोनदा. तो अडकत नव्हता. अर्धं तोंड गेलेलं, तुकडा काढायला अंगाचं पाणी होतं, तरी एवढा आटापिटा करून तो दर वेळी दुसरी हाक मारत होता, कारण त्याशिवाय त्याच्या घरच्या बाया ओ देणार नाहीत हे त्याला माहीत होतं. त्यानेच शिकवलं होतं. म्हणजे त्या दिवशीही माहीत होतं. जमिनीवर पडला होता, बाहेर पोरीची मूठ दगडावर वाजताना ऐकत होता, आणि ती का येत नाही हे त्याला माहीत होतं. दुसरी हाक गोळा करत होता आणि ती होत नव्हती.

"ओ!" दक्षा ओरडली. पाडाभर जाईल अशी. "ओ, बा! आली!"

समोरच्या घरातली बाई दारात आली. एका हाकेला, तिन्हीसांजेला, कोण ओ देतंय म्हणून बघायला. दक्षा उठून उंबऱ्याशी पोचली होती. आत बाची डावी मूठ लाकडावर उगारलेली होती, दुसऱ्यासाठी. ती तशीच वर राहिली, आणि त्याने छातीत भरून घेतलेला सगळा श्वास हळूहळू सोडून दिला. मागे अंगणात आई सूप धरून कान देऊन बसली होती. दुसरी हाक आली नाही.